बीड जिल्ह्यातील रिमोट: दुरुस्तीच्या बाजारातून घरात आलेले साधन

निरनिराळ्या कंपन्यांचा टीव्ही, डिशचा डबा, डीव्हीडी प्लेअर आणि ध्वनियंत्रणा एकाच रिमोटने चालवण्याची सोय अमेरिका-युरोपात निघाली ती यंत्रांच्या गर्दीमुळे; बैठकीत चार-पाच रिमोट साचू लागले, तेव्हा त्या सर्वांच्या जागी एकच असावा असे तेथील ग्राहकाला आणि उत्पादकाला वाटू लागले. बीड जिल्ह्यात हीच वस्तू वेगळ्या वाटेने आली. येथे बहुतेक घरांत यंत्र एकच असे, त्याचा रिमोटही एकच असे, आणि तो हरवला, पडून फुटला किंवा त्याची बटणे बसली की त्याच्या जोडीचा दुसरा मिळणे दुरापास्त होई. म्हणून ‘युनिव्हर्सल रिमोट’ येथे रुजला तो चैनीची वस्तू म्हणून नव्हे, तर दुरुस्तीचा सुटा भाग म्हणून. हा फरक दिसायला लहान असला तरी महत्त्वाचा आहे, कारण एखादे साधन समाजात कोणत्या दाराने शिरले यावर त्याचा पुढचा बराचसा वापर ठरतो.

जिल्ह्यात मुळात दूरचित्रवाणीच उशिरा पोहोचली. दिल्लीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. उपग्रहामार्फत खेड्यांपर्यंत कार्यक्रम नेणारा ‘साइट’ हा प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला, पण त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८० च्या दशकात देशभर भूप्रक्षेपणाचे, म्हणजे मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी घरावरच्या अँटेनाने थेट पकडण्याच्या व्यवस्थेचे, जाळे वाढत गेले, आणि बालाघाटाच्या पठारावरील अंबाजोगाई येथे दूरदर्शनचे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावांना मात्र उंच काठीवर अँटेना बांधूनही चित्रात मुंग्या दिसत. त्या काळात संच जुळवणे हे एकट्याचे काम नव्हतेच. एकाने माळवदावर चढून काठी फिरवायची, दुसऱ्याने दारात उभे राहून निरोप पोहोचवायचा आणि तिसऱ्याने पडद्यासमोर बसून चित्र आले की ओरडायचे, अशी ती सामूहिक कसरत असे.

संच लाकडी खोक्यात असे, त्याला सरकते शटर असे आणि शटरला कुलूप. आवाजाची व चित्राची बटणे फिरवण्यासाठी उठून संचापाशी जावे लागे, आणि हे उठणे घरातील सर्वांत धाकट्या मुलाच्या वाट्याला येई. वाहिनी एकच असल्यामुळे त्याला फार वेळा उठावे लागत नसे, हेही तितकेच खरे. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि त्यानंतर ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी वीज गेली तर बारा व्होल्टवर चालणारा लहान कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून पाहिला जाई. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात रंगीत टीव्ही व व्हिडिओ रात्रभरासाठी भाड्याने आणण्याची चाल याच दशकातली. व्हीसीआरच्या सुरुवातीच्या काही नमुन्यांचा रिमोट वायरने यंत्राला जोडलेला असे, त्यामुळे तो फार लांब नेता येत नसे. पण दूर बसून यंत्र थांबवता येते, हे अनेकांनी पहिल्यांदा अशा भाड्याच्या व्हिडिओवरच पाहिले असावे.

या साधनाचा जागतिक इतिहास येथे थोडक्यात पुरेसा आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये वायरचा, १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी तयार केलेला प्रकाशझोताचा आणि १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ हा रिमोट आणला. यांतील शेवटच्यात बॅटरी नव्हती. बटण दाबले की आतील छोटा हातोडा ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि तिच्यातून निघालेला, माणसाला ऐकू न येणारा ध्वनी संच ओळखत असे. पुढे या ध्वनीची जागा इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने घेतली, आणि ही पद्धत आजही टिकून आहे. अनेक यंत्रांसाठी एकच रिमोट ही कल्पना १९८५ मध्ये फिलिप्सने मॅग्नाव्हॉक्स या नावाखाली बाजारात आणली. १९८७ मध्ये ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांच्या कंपनीने ‘कोअर’ नावाचा, दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून घेणारा रिमोट काढला. त्या वर्षी बीडमधील प्रेक्षक ‘रामायण’ पाहत होता आणि त्याच्या संचाला बहुधा एकही रिमोट नव्हता.

रिमोटची खरी गरज निर्माण केली ती केबलने. १९९१ च्या आखाती युद्धाची परदेशी वाहिनीवरील दृश्ये, त्याच वर्षी आलेली स्टार टीव्ही, २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी टीव्ही, आणि मराठीपुरते बोलायचे तर १९९९ मधील अल्फा मराठी व २००० मधील ई-टीव्ही मराठी, या क्रमाने वाहिन्या वाढत गेल्या. जुन्या संचावर आठ किंवा बारा स्थानकेच साठवता येत. वाहिन्या त्याहून जास्त झाल्या, तेव्हा संचच बदलावा लागला आणि नव्या रंगीत संचाबरोबर रिमोट आला. मराठवाड्याला तर अशा संचांचा कारखानाच जवळ होता. औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा मोठा प्रकल्प होता, आणि धूत कुटुंबाच्या या उद्योगाचे नाव बीडच्या बाजारपेठेत आपल्या भागातले म्हणून घेतले जाई.

शब्दाचा प्रवासही याच काळातला आहे. ‘दूरनियंत्रक’ हा प्रतिशब्द कागदावर राहिला आणि ‘रिमोट’ हा शब्द जिभेवर बसला. मार्च १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि या सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे जाहीरपणे सांगू लागले. त्या सरकारचे उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे हे परळी तालुक्यातील नाथ्राचे. त्यामुळे जिल्ह्यातील ज्या घरांत अजून रिमोटचा टीव्ही नव्हता, तेथेही हा शब्द वर्तमानपत्रातून आणि पारावरच्या चर्चेतून पोहोचला. वस्तूच्या आधी तिचे रूपक गावात यावे, असे फार थोड्या यंत्रांच्या बाबतीत घडले आहे.

वस्तू घरात आल्यावर तिची काळजी जिवापाड घेतली गेली. नवा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला जात नसे. पुढे त्यासाठी खास कव्हर मिळू लागले. सेलचे झाकण हरवले की रबर किंवा चिकटपट्टी लावली जाई, सेल उतरले की ते जागच्या जागी बोटाने फिरवले जात, उन्हात ठेवले जात, आणि रिमोट तळहातावर आपटून पाहिला जाई. या उपायांत तथ्य होते. फिरवल्याने सेल आणि स्प्रिंग यांच्यातील गंज घासला जातो आणि ऊब मिळाल्यावर कमकुवत सेल थोडा वेळ काम देतो. तरीही शहाबादी फरशीवर दोन-चारदा पडलेला रिमोट शेवटी दुरुस्तीच्या दुकानात जाई.

या दुकानाकडे इतिहासाने अधिक आदराने पाहायला हवे. रिमोट बटण दाबल्यावर जो प्रकाश सोडतो, तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि ही लुकलुक लहान-मोठ्या तुकड्यांत तोडून संदेश तयार होतो. हा ठेका धरणारा भाग म्हणजे ४५५ किलोहर्ट्‌झचा सिरॅमिक रेझोनेटर. कारागीर त्याला क्रिस्टल म्हणतो. ४५५ ला १२ ने भागले की ३७.९ येतात आणि रिमोटला हवा तो ठेका मिळतो. रिमोट पडला की बऱ्याचदा हाच ठिसूळ भाग तडकतो. योगायोग असा की मीडियम वेव्ह रेडिओच्या आतील मधली कंपसंख्याही बहुधा ४५५ किलोहर्ट्‌झच असते, त्यामुळे चालू रेडिओजवळ रिमोटचे बटण दाबले तर रेडिओतून गुरगुर ऐकू येते. रेडिओ दुरुस्त करत आलेल्या कारागिराला म्हणून वेगळे उपकरण घ्यावे लागले नाही. टेबलावरचा जुना रेडिओ हेच त्याचे परीक्षायंत्र झाले. गुरगुर आली तर क्रिस्टल जिवंत आहे, आली नाही तर तो बदलायचा, इतका तो निदानाचा सरळ मार्ग होता. गुरगुर येते पण टीव्ही ऐकत नाही, असे झाले तर दोष टोकावरच्या दिव्यात. मोबाइलला कॅमेरा आल्यावर तो दिवाही पाहता येऊ लागला, कारण डोळ्याला न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात जांभळट ठिपका होऊन दिसतो. बसलेल्या बटणांसाठी रबरी पॅड पुसून घ्यायचा, आणि त्याखालचा विद्युतवाहक कार्बनचा थर झिजला असेल तर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदाचा बटणाएवढा गोल कापून तेथे चिकटवायचा. खर्च नाममात्र आणि काम पक्के. रेडिओपासून मिळालेले ज्ञान रिमोटपर्यंत नेणाऱ्या या कारागिरांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय इलेक्ट्रॉनिक्स तालुक्याच्या ठिकाणी रुजवले, आणि त्यांची नोंद मात्र कोठेच झाली नाही.

दुरुस्ती अशक्य झाली की बदली रिमोटचा प्रश्न येई, आणि येथे खरी अडचण संदेशाच्या रचनेत होती. बहुतेक संदेशांत आधी यंत्राची ओळख आणि मग आज्ञा असते. जपानी एनईसी पद्धतीत ओळख व आज्ञा प्रत्येकी दोनदा, एकदा सरळ आणि एकदा उलट करून पाठवली जाते, तर फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीची मांडणीच निराळी. म्हणून एका कंपनीच्या रिमोटला दुसरीचा संच दाद देत नाही. त्यातच सुटे भाग जोडून तयार केलेले स्वस्त संच बाजारात भरपूर होते. त्यांच्या खोक्यावरील नावावरून काही कळत नसे, रिमोट ठरे तो आतील नियंत्रक चिपवरून. ‘जुना रिमोट घेऊन या’ असे दुकानदार सांगे ते यामुळेच. बटणांची मांडणी जुळवून तो भिंतीवर टांगलेल्यांतून एक काढून देई. ज्यांच्याकडे जुना रिमोटच उरला नव्हता, त्यांच्यासाठी युनिव्हर्सल रिमोट होता. त्याच्या पोटात अनेक कंपन्यांचे संकेत आधीच साठवलेले असत. सोबतच्या बारीक अक्षरांच्या कागदावरून क्रमांक घालायचा, किंवा एक बटण दाबून धरून तो एकामागून एक संकेत सोडत असताना संच कधी दाद देतो याची वाट पाहायची. संच बंद झाला की त्या क्षणी बोट उचलायचे. क्षणभर उशीर झाला तर पुढचा संकेत लागे आणि सारे पुन्हा पहिल्यापासून.

दोन रिमोटचा प्रश्न बीडमध्ये आला तो डब्याबरोबर. डिश टीव्ही २००३ मध्ये, दूरदर्शनची निःशुल्क उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये, टाटा स्काय २००६ मध्ये आणि व्हिडिओकॉनची डी-टू-एच २००९ मध्ये सुरू झाली. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाचा तिसरा टप्पा नगरपालिका असलेल्या शहरांसाठी आणि चौथा उरलेल्या भागासाठी होता, त्यामुळे २०१७ पर्यंत केबलच्या घरांतही डबा आला. आता वाहिनी डब्याच्या रिमोटने आणि संच चालू-बंद करणे टीव्हीच्या रिमोटने, अशी विभागणी झाली. टीव्हीचा रिमोट नसेल तर आणखी एक पेच होता. संच ‘एव्ही’वर, म्हणजे बाहेरच्या यंत्राचे चित्र घेण्याच्या स्थितीत, ठेवल्याशिवाय डब्याचे चित्रच दिसत नसे. यावर तोडगा निघाला तो अनेक डब्यांच्या रिमोटवर दिलेल्या चार-पाच शिकाऊ बटणांचा. दोन्ही रिमोट फरशीवर तोंडाला तोंड लावून ठेवायचे, डब्याच्या रिमोटला शिकण्याच्या स्थितीत आणायचे आणि टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबायचे. दिवा लुकलुकला की संकेत उतरला. वॉझनियाक यांच्या महागड्या रिमोटमधील मूळ कल्पना अशा रीतीने डब्याबरोबर, वेगळा पैसा न मोजता, घराघरांत पोहोचली, आणि ती वापरणाऱ्यांनी तिला कधी युनिव्हर्सल रिमोट म्हटले नाही. तो ‘डिशचा रिमोट’च राहिला.

जिल्ह्यातील एका मोठ्या वर्गासाठी मात्र या साऱ्याचे वर्ष सहा महिन्यांचेच असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, फडाजवळ कोपी घालून राहतात, आणि उन्हाळ्यात परततात. दरमहा रिचार्ज मागणारी सेवा अशा घराला परवडत नाही, कारण बंद घरातही तिची मुदत संपत राहते. मासिक शुल्क नसलेली दूरदर्शनची उपग्रह सेवा, म्हणजे फ्री डिश, येथे सोयीची ठरते ती या गणितामुळे. अंबाजोगाईसारख्या केंद्रांवरचे भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ बंद करण्यात आले, तेव्हा पैसे न भरता चित्र पाहण्याचा तोच मुख्य मार्ग उरला. फ्री डिशचे डबे खुल्या बाजारात अनेक उत्पादकांचे मिळतात, त्यांचे रिमोटही तितक्याच प्रकारचे, आणि त्यामुळे जुना रिमोट दाखवून जोड शोधण्याची जुनी पद्धत या दुकानांत अजून चालू आहे. जाताना सेल काढून ठेवायचे राहिले, तर सहा महिन्यांत ते गळतात आणि स्प्रिंगवर पांढरा क्षार साचतो. घर उघडून झाडलोट झाल्यावर कोणीतरी तो चाकूच्या टोकाने किंवा पॉलिश पेपरने खरवडतो, नवे पेन्सिल सेल घालतो, रिमोट एकदा तळहातावर आपटतो आणि डब्याकडे रोखून बटण दाबतो.