प्रायश्चित्तकाळाची भाकर आणि दह्याचे वेष्टन

गेल्या प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने परदेशस्थ नातलगांकडून आलेला एक पुडा धर्मशिक्षणाच्या वर्गात आणला. आत वेटोळ्या आकाराची खारट, कडक बिस्किटे होती व त्यांवर दह्याचे गोड, पांढरे वेष्टन चढविलेले होते. या पदार्थास प्रेट्झेल म्हणतात. मुलांना तो घरी करून पाहावयाचा होता. आणि त्याचा ख्रिस्ती उपवासाशी संबंध आहे असे वाचल्यामुळे धर्मशिक्षिकाबाईंना त्याची हकीकत वर्गात सांगावयाची होती. ‘फादर, त्या इटलीतल्या मठवाशाची गोष्ट सांगितली तर चालेल ना?’ असे त्यांनी विचारले. या साध्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. तीच गोष्ट काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः प्रवचनात इतिहास म्हणून सांगितली होती, आणि मिस्सा संपल्यावर एका वृद्ध धर्मशिक्षकांनी ‘हे कोणत्या ग्रंथात आहे?’ असे शांतपणे विचारले असता आम्हांस उत्तर देता आले नव्हते.

गोष्ट बहुतेकांस ठाऊक असेल. इ. स. ६१० च्या सुमारास उत्तर इटलीतील एका मठवाशाने उरलेल्या कणकेच्या दोऱ्या वळून त्यांना छातीवर हात दुमडून प्रार्थना करणाऱ्या बालकाचा आकार दिला आणि प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांस त्या बक्षीस म्हणून वाटल्या. त्यावरून ‘छोटे बक्षीस’ अशा अर्थाचे लॅटिन नाव पडले. आणि तीन छिद्रे म्हणजे पवित्र त्रैक्य. गोष्ट गोड आहे. परंतु सातव्या शतकातील एकही लेख तिला आधार देत नाही. शिवाय रोमच्या भुयारी दफनभूमींतील भित्तिचित्रे पाहिली तर प्राचीन ख्रिस्ती माणूस हात उंचावून, पसरून प्रार्थना करताना दिसतो. छातीवर दुमडून नव्हे. शब्दाचा उगम मात्र खरोखरच हाताशी जुळतो. जर्मन ‘ब्रेत्सेल’ हा शब्द बाहू या अर्थाच्या ‘ब्राखियुम’ या लॅटिन शब्दापासून आला, असे भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे गुंफलेल्या हातांची कल्पना जुनी आहे; ते हात प्रार्थनेचे होते, हे पुढे जोडले गेले.

इतिहासाचा पाय जमिनीस लागतो तो बाराव्या शतकात. आल्सास प्रांतातील होहेनबुर्ग मठाची अध्यक्षा हेराड हिने आपल्या धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी ‘होर्तुस देलिचियारुम’ हा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. त्यातील एस्तेर राणीच्या मेजवानीच्या चित्रात मेजावर प्रेट्झेल स्पष्ट दिसते. मूळ हस्तलिखित १८७० साली श्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळाले. आधी केलेल्या नकलांमुळेच आपण ते चित्र पाहू शकतो. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या पदार्थाच्या जुन्यात जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते उपवासाचे नसून मेजवानीचे आहे! पुढे १५५९ मध्ये पीटर ब्रॉयगेल याने रंगविलेल्या, आज व्हिएन्ना येथे असलेल्या चित्रात आनंदोत्सव व उपवास यांची झुंज आहे. तेथे मात्र प्रेट्झेल कृश उपवासदेवीच्या बाजूस, शिंपल्यांच्या सोबतीला पडलेले आहे. प्रेट्झेल उपवासासाठी जन्मले असे म्हणता येत नाही. उपवासाने ते आपलेसे केले, एवढे म्हणता येते.

का केले, याचे कारण त्याच्या घटकांत आहे. पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांवर ते होत असे. मध्ययुगीन प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबरच मांस देणाऱ्या प्राण्यांपासून येणारे सर्व पदार्थ वर्ज्य होते. दूध, लोणी, चीज, अंडी यांतले काही चालत नसे. इ. स. ६९२ च्या त्रुल्लो येथील परिषदेने उपवासकाळाच्या शनिवारी-रविवारी अंडी व चीज खाणाऱ्यांस आपल्या ५६ व्या नियमाने बंदी केली. संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात हा निषेध सकारण मांडला आहे. आजही पूर्वेकडील मंडळ्या हा नियम पाळतात. आपल्या केरळातील अनेक सुरियानी घरांत पन्नास दिवस दुधास हात लावीत नाहीत.

ऑलिव्हचे तेल मुबलक असलेल्या दक्षिणेस हे सोपे होते. उत्तरेस, जेथे लोणी हेच स्निग्ध, तेथे फार जाचक. म्हणून सवलती आल्या आणि सवलतींबरोबर द्रव्यही आले. फ्रान्समधील रूआँ येथील महामंदिराच्या, १४८५ साली आरंभिलेल्या मनोऱ्यास आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण उपवासात लोणी खाण्याच्या परवानगीसाठी लोकांनी दिलेल्या देणग्यांतून त्याचा खर्च चालला. १५२० साली मार्टिन लूथर यांनी जर्मन सरदारांस उद्देशून लिहिलेल्या पत्रात या लोण्याच्या परवान्यांवर कठोर शब्दांत टीका केली. ती वाचताना आम्हां कॅथलिक धर्मगुरूंस अवघडल्यासारखे होते. पण ती या बाबतीत अन्यायाची होती असे आम्हांस म्हणता येत नाही. नियम पुढे सैल होत गेला. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्यातून स्पष्टपणे वगळले आणि १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी ‘पेनितेमिनी’मध्ये तेच पुन्हा सांगितले.

आपल्या वाचकांस यात एक गंमत दिसेल. आमच्या शेजारच्या हिंदू घरांत एकादशीला धान्य वर्ज्य, परंतु दूध-दही चालते. मध्ययुगीन ख्रिस्ती घरात दूध-दही वर्ज्य, धान्य चालत असे. दह्यात बुडविलेले प्रेट्झेल दोन्ही घरांत उपवासास चालले नसते. एकाकडे आतील भागामुळे, दुसऱ्याकडे वेष्टनामुळे. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांपेक्षा बाईंनाच अधिक हसू आले. मात्र वर्ज्य काय हे त्या त्या काळाच्या व देशाच्या स्वयंपाकघरावरून ठरत आले, हे मुलांना यावरून जितके चटकन समजले तितके आमच्या कोणत्याही प्रवचनाने समजले नव्हते.

आज मिळणारी कडक, टिकाऊ प्रेट्झेल ही अमेरिकेतील जर्मन वसाहतवाल्यांची देणगी. पेनसिल्व्हेनियातील लिटिट्झ या गावी १८६१ साली ज्यूलियस स्टर्जिस याने त्यांची भट्टी सुरू केली. हे गाव मोरावियन मंडळीने वसविलेले. याच मंडळीने १८८५ साली लडाखमधील लेह येथे आपले केंद्र उघडले. वेष्टनाची चाल फार नंतरची आहे, आणि कारखान्याच्या वेष्टनात बहुधा साखर व वनस्पतिज स्निग्धच अधिक, दह्याची भुकटी नावापुरती.

घरी करावयाचे तर आपला चक्काच बरा. अर्धा किलो मैदा, सुमारे पावणेतीनशे मिलिलिटर पाणी, चमचाभर यीस्ट व दीड चमचा मीठ यांची कणीक तासभर झाकून ठेवावी. तिच्या बारीक दोऱ्या वळून गाठी घालाव्यात आणि खाण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात क्षणभर सोडून काढाव्यात. त्यानेच तपकिरी, चकचकीत साल येते. जर्मन भटारी यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. मुलांच्या वर्गात त्याचे नावही काढू नये. वर जाडे मीठ पेरून भाजावे व नंतर मंद आचेवर पूर्ण कोरडे होईतो ठेवावे, कारण आत ओल राहिली तर वेष्टन घामेजते. रात्रभर टांगलेल्या दह्याच्या वाटीभर चक्क्यात तीन वाट्या पिठीसाखर घालावी. श्रीखंड करणाऱ्यांस ठाऊकच आहे की साखर पडताच चक्का सैल होतो. म्हणून साखरेत हात आखडू नये. एकेक गाठ बुडवून जाळीवर ठेवावी आणि अगदी मंद भट्टीत, दार किंचित उघडे ठेवून, तीन-चार तास सुकवावी.

आमच्या वर्गाने प्रायश्चित्तकाळात साधी, खारट प्रेट्झेल केली आणि झावळ्यांच्या रविवारी वाटली. मठवाशाची गोष्टही बाईंनी सांगितली, पण ‘अशी एक आख्यायिका आहे’ या शब्दांनी आरंभ करून. थोडी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यांवर दह्याचे वेष्टन चढले ते पुनरुत्थानाच्या सणानंतर सोमवारी. साधी डब्यात आठवडे टिकतात. वेष्टनाची थंड जागी ठेवून तीन दिवसांत संपवावी लागतात. आमच्याकडे ती संध्याकाळपर्यंतही उरली नाहीत.