चाकाच्या टोपीचा रंग

राळेगाव तालुक्यात चाक रंगवण्याची रीत मोटारीपेक्षा जुनी आहे. वर्धा नदीकाठचा हा कापसाचा मुलूख. शेतातला कापूस जिनिंगच्या कारखान्यात, म्हणजे जिनात, पोचायचा तो बैलबंडीने, आणि बंडीचा सगळा जीव चाकात. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आणि सगळ्याला आवळणारी लोखंडी धाव. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव चाकावर बसली की तिच्यावर पाणी ओतायचे. लोखंड आकसायचे आणि सांधे घट्ट व्हायचे. सुतार-लोहाराचे काम तिथे संपे. पुढचे घरधन्याकडे: आखाला ओंगण (वंगण) आणि लाकडाला तेलाचा, पुढच्या काळात ऑइलपेंटचा हात. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी पोरांचे चाकांवरचे लाकडी बैलही अनेक घरांत नव्याने रंगवले जातात.

मोटारीच्या चाकावरची टोपी, गॅरेजच्या भाषेत ‘व्हील कप’, आली तीसुद्धा ओंगणाच्याच गरजेतून. सुरुवातीच्या मोटारींत तुंब्याच्या टोकाला पितळेची आटे पाडलेली टोपी असे. आतले ग्रीस बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढेच तिचे काम. कारखानदारांनी त्या जागेवर आपले नाव उठवले आणि टोपीला तोरा आला. पुढे बेअरिंगसाठी आत वेगळे झाकण बसू लागले, बाहेरची टोपी मोठी होत गेली आणि १९३० नंतर काही गाड्यांत तिने अख्खे चाक झाकले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकेलच्या जागी क्रोमचा मुलामा आला. चकाकी म्हणजेच श्रीमंती, हे समीकरण तेव्हापासूनचे.

ते समीकरण युद्धाने मोडले. १९४२ च्या जानेवारीपासून अमेरिकेत बंपर सोडून बाकी गाडीवर क्रोमच्या शोभेला बंदी आली. तयार पडलेल्या चकचकीत पट्ट्यांवरही कारखान्यांनी रंग फासला. कोरियाच्या युद्धात निकेलचा तुटवडा झाला, तेव्हा इंग्लंडच्या मॉरिस मायनरची पुढची जाळी क्रोमऐवजी गाडीच्याच रंगात येऊ लागली. रंगवलेला भाग म्हणजे गरिबाची तडजोड, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर लक्षात घ्यावा.

महाराष्ट्रात या कथेचे गाव म्हणजे मुंबईतले कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना इथलाच. आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार. १९५० च्या दशकात फियाट ११०० आली आणि १९७४ मध्ये तिच्याच वंशातली गाडी प्रीमिअर पद्मिनी या नावाने रस्त्यावर उतरली. चौदा इंची पोलादी चाक, त्यावर रंग आणि मधोमध क्रोमची वाटीसारखी टोपी. परवाना-राजच्या त्या दिवसांत गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून जी मिळाली ती पिढीभर टिकवायची, हा घरोघरचा नेम झाला. रंगाचा डबाही मुंबईतच तयार होत होता: १९४२ मध्ये चार मित्रांनी गिरगावात सुरू केलेली एशियन पेंट्स तोवर घराघरांत पोचली होती.

शोभेचा क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंज अडवण्याचे खरे काम त्याखालचे निकेल करते. टायर बदलताना पान्हा घसरला, निकेलला चरा पडला की ओलीला पोलादापर्यंत वाट मिळते आणि पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी रेगडी ती ओल धरून ठेवते. पुन्हा मुलामा चढवायचा तर विषारी रसायनांचे हौद लागतात. ते घरी करायचे काम नव्हे, आणि कोणी करूही नये. उरतो तो रंग.

या कामात घाई करणारा फसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडके गुंडाळून टोपी कडेने उचलायची. रॉकेलने ग्रीस काढायचे, पोचा आतल्या बाजूने लाकडी हातोडीने ठोकून उठवायचा. क्रोम गुळगुळीत, त्यावर रंग धरत नाही. म्हणून वॉटर पेपरने चकाकी पूर्ण मारायची, मग प्रायमर, मग पातळ-पातळ दोन-तीन हात. टोपीवरच्या खोलगट अक्षरांत रंग भरण्याची युक्ती तर पाहण्यासारखी असते: बारीक ब्रशने अक्षर भरून टाकायचे, थोडे सुकू द्यायचे आणि सपाट फळीवर ताणून बांधलेले, थिनरने जेमतेम ओले केलेले फडके वरून फिरवायचे. वरचा रंग पुसला जातो, खोलातला राहतो आणि नाव ठसठशीत उठते. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते, उन्हाळ्यात धूळ बसते. त्यामुळे राळेगावसारख्या ठिकाणी पाऊस सरल्यावरचे दिवस उत्तम. दसऱ्याला गाडीची पूजा होतेच.

हे कसब ज्यांच्या हातात होते, ते दुकानाच्या पाट्या आणि नंबर प्लेटा रंगवणारे पेंटर. तालुक्यातल्या वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. अशा रस्त्यांवरच्या ट्रकांनी या कलेला किती वर्षे पोसले! १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना कारखान्यातूनच ठशाची नंबर प्लेट सक्तीची झाली आणि या पेंटरांचे एक हक्काचे काम गेले.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये त्या उंबरठ्यावर पोचली. तेव्हा कोणाच्या गोठ्यात, जिनाच्या शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, तर तिच्या टोप्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आधी आतल्या बाजूला उरलेला मूळ रंग नीट बघा, आणि तोच रंग पुन्हा चढवा.