सोलापूरचा विडीधंदा आणि बायकांची पाठ

1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यानंतर सोलापूर कापडाचे शहर म्हणून वाढले; तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबांतील पुरुष मागांवर आणि गिरण्यांत राबत असताना त्याच घरांतील बायकांच्या मांडीवर विडीचे सूप आले, आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा अनेक संसारांचा भार या सुपावरच पडला.

तेंदूची पाने भिजवून मऊ करणे, ती मापाने कातरणे, जर्दा भरून पान वळणे, दोरा बांधणे आणि तोंड दुमडणे ही सारी कामे मांडी घालून, मान आणि कंबर पुढे झुकवून केली जातात. अशा बैठकीत कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, मणक्यांमधील गाद्यांवर ताण येतो आणि पाठीचे स्नायू अवघडतात. बैठ्या कारागिरांच्या वाकलेल्या पाठीची नोंद बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने 1700 मधील ग्रंथातच केली होती.

वयागणिक हा त्रास बदलतो. आईजवळ बसून हात चालवायला शिकणाऱ्या मुलीला वाकण्याची सवय वाढत्या वयातच जडते. गरोदरपणी पोटाच्या वजनाने कमरेवरील ताण वाढतो. पाळी गेल्यानंतर हाडे विरळ होऊ लागतात आणि मणके खचण्याचा धोका संभवतो. भिंतीला पाठ टेकणे, आळीपाळीने पाय पसरणे, मध्येच उठून चालणे हे उपाय साधे आहेत. परंतु मजुरी हजार विड्यांमागे ठरत असल्याने उठलेली प्रत्येक घटका कमाईतून वजा होते.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, मात्र ती कारखान्याच्या जागेपुरती. घरी वळल्या जाणाऱ्या विडीला ती लागू झाली नाही. 1976 च्या कल्याण निधी कायद्याने औषधोपचार, शिक्षण आणि घरकुलांना पैसा उपलब्ध झाला, तर संघटित लढ्यातून कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. कामगार म्हणून या बायकांना अशा रीतीने ओळख मिळाली, घर मिळाले. पाठ सरळ करण्याची सवड मात्र मजुरीच्या दरात कधीच धरली गेली नाही, आणि ती धरली जात नाही तोवर औषधोपचाराची कोणतीही योजना अपुरीच ठरेल.