भुसावळवरून गेलेला फुटबॉल

ऑफ तासाला नववीच्या एका मुलानं विचारलं, "सर, इंग्रजांच्या काळात आपली पोरं फुटबॉल खेळायची का?" 'आपली' म्हणजे कोणाची, हे त्यानं सांगितलं नाही. खानदेशची, मुसलमानांची, की हिंदुस्थानची? उत्तर देताना मात्र मला ते ठरवावं लागलं.

खानदेशापुरतं उत्तर छोटं आहे. त्या काळात फुटबॉल गोऱ्या पलटणींचा आणि कॉलेजांचा खेळ. आपल्याकडे कॉलेजच नव्हतं. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप, दोन्ही १९४५ ची. त्याआधी मॅट्रिक झालेला पोरगा पुण्या-मुंबईची गाडी धरायचा, धुळ्याचा असेल तर चाळीसगावला बदलून. म्हणून गोष्ट सांगायची तर ती कलकत्त्यापासून सुरू करावी लागते.

साल १९११. मोहन बागान हा बंगाली पोरांचा क्लब आय.एफ.ए. शील्डमध्ये उतरला. ही कॉलेजची टीम नव्हे, पण कॉलेजचं वारं तिला लागलेलं होतं. सेंटर फॉरवर्ड अभिलाष घोष स्कॉटिश चर्च कॉलेजचा विद्यार्थी, बॅक सुधीर चटर्जी कॉलेजात शिकवणारे. बूट फक्त चटर्जींच्या पायात, बाकी दहा जण अनवाणी. जुलैच्या चिखलात, समोर लष्करी बूट! १० तारखेला सेंट झेवियर्सवर ३-०. मग रेंजर्स २-१, रायफल ब्रिगेड १-०. मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ अशी बरोबरी झाली, दोन दिवसांनी पुन्हा सामना आणि ३-० नं विजय. २९ जुलैला फायनल, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी. पहिला गोल गोऱ्यांचा. शेवटच्या काही मिनिटांत कॅप्टन शिवदास भादुरीनं बरोबरी केली आणि वेळ संपता संपता अभिलाषनं दुसरा गोल मारला. मागे उभ्या असलेल्यांना मैदान दिसत नव्हतं, त्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले जात होते.

या अकरा जणांत दहा हिंदू आणि एक ख्रिस्ती, म्हणजे चटर्जी. मुसलमान एकही नाही. आणि वेळ कोणती? १९०५ च्या फाळणीनं बंगालात हिंदू-मुसलमानांची मनं दुखावलेली, फाळणी अजून रद्द व्हायची होती. तरी कलकत्त्याच्या 'द मुसलमान' या पत्रानं लिहिलं की मुस्लिम स्पोर्टिंग क्लबची माणसं हिंदू भावांच्या विजयानं आनंदानं जमिनीवर लोळत होती. मला त्या सीझनमध्ये शील्डपेक्षा हे लोळणं मोठं वाटतं.

आता मुंबई. तिथला रोव्हर्स कप १८९१ चा, आणि तो जिंकायच्या त्या गोऱ्या पलटणी. १९२३ साली मोहन बागान फायनलपर्यंत पोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीनं हरवलं. हिंदी टीमनं कप पहिल्यांदा उचलला तो १९३७ साली. टीमचं नाव बंगलोर मुस्लिम्स. समोर कोण, तर कलकत्त्याचं मोहम्मेडन स्पोर्टिंग, १९३४ पासून कलकत्ता लीग ओळीनं जिंकत आलेलं. सामना १-० असा सुटला. १९४० ला तेच दोघे पुन्हा फायनलला आले, तेव्हा मोहम्मेडननं हिशेब चुकता केला, आणि त्याच वर्षी दिल्लीत ड्युरँड कपही घेतला. ड्युरँड जिंकणारी ती पहिली हिंदी टीम.

वर्गात हे सांगताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू? पण थोडी धास्तीही वाटते. त्याच वर्षांत मुंबईत क्रिकेटची पेंटँग्युलर चालू होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांची 'द रेस्ट', अशा जातवार टीम. गांधीजींनी १९४० साली त्या पद्धतीला उघड विरोध केला. तो मला पटतो. म्हणून टीमच्या नावात 'मुस्लिम' आहे एवढ्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या की मी १९३७ तिथंच थांबवतो आणि १९११ पुन्हा सांगतो. त्या दिवशी मैदानात आपलं कोणी नव्हतं, तरी आपली माणसं नाचली. मुलांना हे जरा उशिरा कळतं. काही मोठ्यांना तर अजून कळलेलं नाही.

राहता राहिला खानदेश. कलकत्त्याहून मुंबईला येणारी गाडी नागपूरवरून आली काय किंवा अलाहाबाद-जबलपूरवरून आली काय, दोन्ही लोहमार्ग भुसावळला एकत्र येतात आणि जळगाव, चाळीसगावावरूनच पुढे जातात. म्हणजे १९२३ चे मोहन बागानवाले आणि १९३७ चे मोहम्मेडनवाले, दोघेही आपल्या कपाशीच्या शेतांमधून गेले.

हे ऐकून त्या मुलाचे डोळे चमकले. म्हणाला, "सर, गाडी जळगावला थांबायची?"

मी म्हटलं, "भुसावळला तर थांबायचीच. मोठं जंक्शन, इंजिनांची शेड तिथं."

"मग उतरले असतील ना सर, चहाला?"