ड्युटीची अदलाबदल

विशेष कामगिरीसाठी पोलिसांची निवड कशी करावी, हा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा उंची, छाती, नेमबाजी आणि चारित्र्य पडताळणी यांपाशी थांबते. इतिहास मात्र एका निराळ्याच कागदाकडे बोट दाखवतो. तो कागद म्हणजे रोजच्या ड्युटीचा तक्ता.

३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी सफदरजंग रोडवरील निवासस्थानातून लगतच्या अकबर रोडवरील कार्यालयाकडे पायी निघाल्या. मधल्या फाटकापाशी उपनिरीक्षक बेअंतसिंग व शिपाई सतवंतसिंग उभे होते. दोघेही दिल्ली पोलिसांतील, रीतसर नेमलेले. त्याच वर्षी जूनमधील ऑपरेशन ब्ल्यू स्टारनंतर शीख कर्मचाऱ्यांना या बंदोबस्तातून दूर केले गेले होते. पुढे तो निर्णय फिरवण्यात आला. अख्खा समाज सरसकट वगळणे याला मी निवड म्हणणार नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या निकालात नोंदलेला तपशील मला अधिक अस्वस्थ करतो. बेअंतसिंगाने एका सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली होती. सतवंतसिंगाची नेमणूक दुसऱ्या ठिकाणी होती. पोट बिघडल्याचे सांगून त्याने शौचालयाजवळची चौकी मागून घेतली. ती नेमकी त्या फाटकालगतची. दोन्ही विनंत्या इतक्या मामुली, की कोणताही पर्यवेक्षक त्या मान्य करील. मीही केल्या असत्या.

१९८५ मध्ये बीरबल नाथ समितीच्या शिफारशीनुसार मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अधिपत्याखाली विशेष संरक्षण गट उभा राहिला. कायदा १९८८ मध्ये झाला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाप्रमाणे येथेही माणसे प्रतिनियुक्तीवर घेतली जातात.

आणि प्रतिनियुक्तीची खरी गोम येथेच आहे. अर्थशास्त्रात ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नसतील, तर बाजारात वाईट मालच उरतो. मूळ कार्यालयही आपला उत्तम माणूस सहसा सोडत नाही. 'कार्यमुक्त करण्यास हरकत नाही' हा शेरा ज्याच्या नावापुढे तत्परतेने येतो, त्याच्याविषयी मी दोनदा चौकशी करीत असे. एका कार्यालयात असताना मी सुचवले होते, की ज्यांना सोडण्यास नकार मिळाला त्यांची नावेही निवड समितीपुढे यावीत. टिपण 'पाहिले' एवढ्या शेऱ्यानिशी परत आले.