विष्णुपंत पागनीस : तुकोबांचा चेहरा

नामदेवांचें जन्मस्थान मानिलें जाणारें नरसी हें गांव आमच्या अर्धापुराहून हिंगोलीच्या वाटेनें गेल्यास लागतें. टाळ-मृदंग ऐकतच या भागांतील मुलें मोठीं होतात. त्यामुळें संत दिसावा कसा याची एक मूर्ति येथील प्रत्येकाच्या मनांत तयार असते. परंतु तुकोबांची मूर्ति म्हणून जो चेहरा अनेक घरांतील तसबिरींतून आपणांकडे पाहतो, तो देहूच्या तुकोबांचा नव्हे. तो विष्णुपंत पागनीस या नटाचा आहे.

पागनीस यांचा जन्म १८९२ सालचा, बेळगांव जिल्ह्यांतील चिकोडीचा. मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनींच करावयाच्या, असा तो काळ होता. गोड गळ्याचा मुलगा नाटक मंडळीच्या नजरेस पडला, कीं त्याच्या अंगावर लुगडें चढलेंच म्हणून समजावें. पागनीस स्वदेशहितचिंतक मंडळींत स्त्रीभूमिकांसाठीं नांवाजले. पण या धंद्याचें आयुष्य थोडें. वय वाढतें, बांधा बदलतो. आणि १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटांत दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हां स्त्रीवेषधारी नटांचें युग सरत आल्याचें कोणासही दिसण्यासारखें होतें. बालगंधर्वांसारख्यासही बोलपटांत जम बसवितां आला नाहीं, मग इतरांची काय कथा!

अशा नटास १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ मिळाला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल, लेखक शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे यांचें. पागनिसांची निवड प्रथम सर्वांस रुचली नव्हती, असें सांगतात. त्यांच्या हालचालींत स्त्रीभूमिकांचा मार्दव उरला आहे, ही तक्रार. आमच्या मतें त्या मार्दवानेंच हें चित्र तारिलें. पागनिसांचा तुकोबा उपदेशासाठीं हात उगारीत नाहीं. आवाज चढवीत नाहीं. अपमान झाला तरी मान किंचित् कलते, ओठांवर लाजरें हसूं येतें, आणि अभंग बोलण्यांतूनच उमलावा तसा सुरू होतो. पुरुषी ऐट अंगांत मुरलेल्या नटास हें साधलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं. शेजारीं गौरी यांची आवली आहे. पोरांच्या पोटासाठीं प्रत्यक्ष विठ्ठलावर पायताण उगारणारी ही बाई इतकी खरी आहे, कीं तिच्या रागापुढें पागनिसांची शांति ढोंगी वाटण्याचा धोका होता. ती वाटत नाहीं, यांतच त्यांचें यश. विमानाचा व चमत्कारांचा भाग आम्हांस तितका भावत नाहीं; पण प्रेक्षकांस तोच अधिक भावला असावा.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत हें चित्र वर्षाहून अधिक काळ चाललें. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. चित्रांतील एक अभंग शांताराम आठवले यांनीं नवा रचिलेला. तोही तुकोबांचाच समजून लोक गाथेंत शोधूं लागले. कवीचें जें झालें तेंच नटाचें झालें. लोक पागनिसांच्या पायां पडूं लागले, त्यांच्या तसबिरीस हार घालूं लागले.

हा मान कीं बंधन? लुगड्यांतून सुटलेला नट भगव्या पताकेखालीं कायमचा अडकला, असें आम्ही म्हणूं. १९३९ सालीं रणजितच्या चित्रांत ते तुलसीदास झाले, १९४० सालीं विजय भट्टांच्या ‘नरसी भगत’ मध्यें नरसी मेहता, १९४३ सालीं ‘महात्मा विदुर’. निराळ्या स्वभावाची, हलकी किंवा खल भूमिका त्यांच्याकडे कोण घेऊन जाणार? स्त्रीवेषांत ज्यानें रुसवे, मत्सर, शृंगार रंगविले, त्याच्या अंगच्या त्या कलेचा पडद्यावर मागमूस राहिला नाहीं. ३ ऑक्टोबर १९४३ रोजीं, वयाचीं एक्कावन्न वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते वारले.

प्रभातचा पुण्यांतील स्टुडिओ पुढें सरकारकडे गेला आणि १९६० सालीं तेथें चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. ‘संत तुकाराम’ आजही पाहावयास मिळतो. वाचकांनीं तो पाहावा, आणि एकदां तरी तसबीर विसरून पागनिसांच्या हातांकडे लक्ष द्यावें. चिपळी धरतांना तीं बोटें ज्या नाजुकपणें वळतात, तें वळण रंगभूमीवरच्या नायिकांचें आहे.