पणजोबा परागंदा नव्हते

दिंडोशीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की एका बाजूला नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला द्रुतगती मार्गावरची वाहनांची रांग. इथले आम्ही बहुतेक रहिवासी बाहेरून आलेले. कुणी परळहून, कुणी लालबागहून, कुणी थेट गावाहून. चाळीतली खोली सोडताना प्रत्येकाने काही ना काही टाकून दिले. आमच्या घरी टाकायच्या राहिल्या त्या दोन वस्तू. एक तांब्याची घागर आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात मनीऑर्डरची सात कुपने होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली.

ही कुपने माझ्या पणजोबांची. ते कऱ्हाडच्या बाजूच्या एका लहान गावचे लोहार. मुंबईला कारखान्यात कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. ‘मुंबईला जाऊन भलत्याच नादाला लागला, बायकोपोराला विसरला,’ असे गावात बोलले जाई. माझे आजोबा तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. मोठेपणी त्यांनी आपल्या वडिलांचा विषय घरात कधी काढू दिला नाही. माझ्या वडिलांनीही तोच अबोला पुढे चालवला. पणजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावत होती. माझ्या आत्याने लहानपणी तिला पाहिले होते. आत्या सांगे, ‘म्हातारी रोज सकाळी आरशासमोर बसायची आणि कुंकू लावून झालं की थोडा वेळ दाराकडे बघायची.’

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ठरवले की हा माणूस खरोखर पळून गेला होता का, ते शोधून काढायचे.

श्रोतेहो, मी विलायतेतल्या एखाद्या पोलाद कामगाराचा पणतू असतो, तर हे काम सोपे होते. शेफील्डच्या भट्टीवर राबणाऱ्या माणसाचा जन्म, विवाह आणि मृत्यू १ जुलै १८३७ पासून तिथल्या सरकारी दप्तरात आहे. १८४१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणतीत त्याचे नाव, वय आणि धंदा लिहिला गेला. शंभर वर्षे उलटली की ती पाने कुणालाही वाचायला मिळतात. आपल्याकडे सबंध हिंदुस्थानची एकाच वेळी शिरगणती झाली ती १८८१ साली. माझे पणजोबाही तीत मोजले गेले असणार. पण आपल्याकडे जपले गेले ते आकड्यांचे तक्ते. नावांची पाने राहिली नाहीत. राज्य एकाच राणीचे, पण तिकडच्या कामगाराचे नाव राहिले आणि इकडचा कामगार बेरजेत गेला.

पोलादही तिकडूनच बोटीने यायचे. आपल्याकडे टाटांच्या साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, कारखान्यात पोलाद निघाले ते १९१२ साली. राणीच्या काळातला आपला पोलाद कामगार म्हणजे आलेले पोलाद तापवून, ठोकून कामाजोगे करणारा लोहार. जी.आय.पी. रेल्वेने १८७९ साली परळला इंजिनांचा कारखाना उभारला आणि अशा हातांना तिथे काम मिळू लागले.

गावच्या लोहाराला हे काम अगदीच परके नव्हते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोखंडी कडे चाकापेक्षा किंचित लहान करतात. ते लाल तापवले की फुगते. चाकावर बसवून पाणी ओतले की आवळते आणि लाकूड घट्ट धरून ठेवते. इंजिनाच्या चाकावर पोलादी धाव चढवत ती याच रीतीने. फरक एवढाच की गावात वर्षाला बलुते मिळे आणि परळला महिन्याला पगार. शिवाय १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने बलुत्याचा भरवसा किती, ते सगळ्यांना दाखवून दिले होते.

मी शोधाला सुरुवात केली ती घरातूनच. मनीऑर्डरची सोय आपल्याकडे १८८० साली सुरू झाली. त्यामुळे कुपने त्यानंतरची हे उघड होते. पत्ता होता ‘लोहारखाते, जी.आय.पी. कारखाना, परळ’. अक्षर प्रत्येक कुपनावर निराळे, कारण पणजोबांना लिहिता येत नव्हते. मी कुपने तारखेप्रमाणे लावली. शेवटचे कुपन डिसेंबर १८९६ चे होते. आमच्या घरात शंभर वर्षे ही कुपने होती, पण त्यांवरच्या तारखा कुणी एका ओळीत मांडून पाहिल्या नव्हत्या.

मग गावी जाऊन जमिनीचे कागद काढले. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि त्यानंतरचे फेरफार पाहायला मिळतात. आमच्या तुकड्याच्या फेरफारात जमीन धाकट्या भावाच्या नावे झाली होती. कारण लिहिले होते एका शब्दात: ‘परागंदा’. पणजीचा उल्लेख होता, पण ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढाच. तो शब्द वाचून मी बराच वेळ तलाठी कार्यालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. गावाचा आरोप सरकारी कागदावर चढला होता. घरी परतताना मात्र लक्षात आले, की तलाठ्याने चौकशी थोडीच केली होती? मेल्याचा पुरावा नाही आणि माणूस गावात नाही, अशा वेळी त्याच्याजवळ हाच शब्द होता.

तिसरा कागद नाशिकला मिळाला. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या कुळांच्या नामावळ्या असतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आमच्या घराण्याची नोंद मोडीत होती. उपाध्यायांनी ती वाचून दाखवली. तिच्यातून पणजोबांच्या वडिलांचे नाव पहिल्यांदा कळले. आता माझ्याजवळ पुरे नाव होते: अमुक बिन तमुक लोहार.

डिसेंबर १८९६ नंतर मुंबईत काय चालले होते, ते इतिहास सांगतो. त्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीला प्लेगचा रोगी ओळखला. फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारीला प्लेगनेच गेले. त्यांची तारीख आपल्याला ठाऊक आहे, कारण ते पुढारी होते. परळच्या लोहाराची तारीख कोण लक्षात ठेवणार? निरोप घेऊन गावी जाईल असा शेजारीच चाळीत उरला नसेल.

मुंबईच्या जुन्या मृत्यूनोंदीत मी १८९७ चे पहिले महिने शोधले. नोंदी इंग्रजीत, नावे कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. जानेवारीत एक नाव जुळले आणि मी हरखून गेलो. पण बापाचे नाव वेगळे निघाले. दुसऱ्यांदा जुळले ते फेब्रुवारीच्या मध्यात. बापाचे नाव तेच, धंदा लोहार, राहणे परळ, वय अदमासे ३५. मृत्यूचे कारण: ताप. तेव्हा घराची झडती, विलगीकरण यांच्या भीतीने प्लेग लपवला जाई आणि अनेक नोंदींत नुसता ताप लिहिला जाई.

हा पुरावा कोर्टात टिकेल की नाही, मला माहीत नाही. पण नाव, बाप, धंदा, वस्ती, वय आणि मनीऑर्डर थांबल्याची वेळ, एवढे सगळे एका माणसापाशी येऊन थांबते. नुसत्या नावावर विसंबलो असतो, तर जानेवारीतल्या दुसऱ्याच कुणाला मी पणजोबा म्हणून घरी आणले असते. ज्यांना आपल्या घराचा शोध घ्यायचा आहे त्यांना माझे सांगणे एवढेच, की आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, डबे आणि भांडी पाहा, मग दप्तरात जा. आणि कागदावर काय लिहिले आहे, याबरोबर ते कुणी आणि कशाच्या आधारावर लिहिले, तेही विचारा.

आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. तिला सगळे सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बरं झालं, म्हातारीला कळलं नाही. कळलं असतं तर कुंकू गेलं असतं तिचं.’ आणि थोड्या वेळाने विचारले, ‘पैसे शेवटपर्यंत पाठवत होता ना रे?’

मी तिला शेवटचे कुपन वाचून दाखवले. तीन रुपये. तिने ते हातात घेतले आणि पदराने पुसले.

गेल्या वर्षी मी पुन्हा नाशिकला गेलो. काय लिहू, असे उपाध्यायांनी विचारले. पणजोबांच्या नावापुढे त्यांनी लिहिले: शके १८१८, माघ मास, मुक्काम परळ, मुंबई येथे देवाज्ञा. पणजीचे नाव मात्र कोणत्याच कागदात नव्हते. ते घागरीच्या काठावर कोरलेले होते. मी ते कागदावर उतरवून नेले होते. उपाध्यायांनी तेही पणजोबांच्या शेजारी लिहून घेतले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)